दादा कामी आला

एका जंगलात कॉलेज निघालं. जंगलात कॉलेज कशाला, असं विचारू नका, मुलांनो. काढणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं.

प्राचार्य होते बगळे सर. ते एका पायावर उभे राहून शिस्तीवर बोलत. दुसरा पाय कुठे आहे हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

कॉलेजात अकरा जण एका चेंडूमागे धावत. त्याला फुटबॉल म्हणत. कप्तान रानडुक्कर होता. तो चेंडू कुणाला देत नसे. बचावाला साळिंदर होता. त्यानं डोक्यानं चेंडू अडवला की चेंडू संपायचा, म्हणून त्याला डोकं वापरायची मनाई होती. बगळे सर म्हणायचे, कॉलेजात असाच विद्यार्थी हवा.

गोलात भेकर होतं. त्याचं नाव दौलत. तो माझा मोठा भाऊ.

भेकर हे हरीणच, पण संकट दिसलं की ते भुंकतं. दादाला चेंडू दिसला की तो भुंकायचा. चेंडू अर्ध्यावर आला की एकदा, जवळ आला की दोनदा. समोरचे दचकायचे आणि चेंडू भलतीकडे मारायचे. त्या वर्षी दादानं एकही गोल खाल्ला नाही.

आईला त्याचं काही कौतुक नव्हतं.

"पाणवठ्यावर राखणीला जा म्हटलं तर हा मैदानावर," आई म्हणायची. "घरात काडीच्या कामाचा नाही."

"सर म्हणतात, खेळ पुढे कामी येईल," दादा म्हणायचा.

"कुणाच्या?"

"ते नाही सांगितलं."

"मग विचार की, बावळटा."

दादानं विचारलं नाही. त्याला सराव होता.

आपला संघ जिंकत गेला. कोल्हे हरले, माकडं हरली. तरसांनी तर हरून वर हसून दाखवलं. माघी पौर्णिमेला शेवटचा सामना आला, नदीपलीकडच्या कॉलेजाशी. त्यांच्या गोलातही भेकरच होतं. दोघे दोन टोकांना भुंकत राहिले. गोल झाला नाही. पंच टिटवीबाईंनी शिट्टी वाजवली आणि सांगितलं, ढाल कुणालाच नाही, सामना पुढच्या माघी पौर्णिमेला परत.

पलीकडचं भेकर येऊन दादाला म्हणालं, "घसा बसला का रे?"

"तुझा?"

"कधीचा. पुढच्या वर्षी बघतो तुला."

"ये की. मी इथंच आहे."

पण पावसाळ्यानंतर दोन्ही काठांच्या सिंहांचं बिनसलं. नदीच्या मधोमध एक बेट आहे. त्यावर डरकाळी कुणी फोडायची, हा प्रश्न होता. बेटावर राहत कुणीच नाही.

आपला सिंह कॉलेजात आला. बगळे सरांनी त्याला संघ दाखवला. अकरा जण एका रंगाचे सदरे घालून उभे होते. शिट्टी वाजली की धावत, शिट्टी वाजली की थांबत. राजाला आणखी काय हवं असतं?

"मी म्हणत होतो ना, कामी येईल," सर म्हणाले.

दादा निघाला तेव्हा आई म्हणाली, "माघापर्यंत येशील?"

"यायलाच पाहिजे. सामना आहे."

अकराही जण बेटावर गेले. शिट्टी झाली, ते धावले. लढाईत थांबायची शिट्टी नसते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग बगळे सरांचं पत्र आलं. आईला वाचता येत नाही. मी दोन यत्ता शिकलेला. मी बोट ठेवून वाचलं.

"कळवण्यास अभिमान वाटतो की, आपला मुलगा दौलत हा काल बेटावर राजाच्या कामी आला."

"कामी आला म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे उपयोगी पडला. दादा राजाच्या उपयोगी पडला, आई."

आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "मीच त्याला उगाच बोलत होते."

तिनं उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहाची फुलं काढली आणि घरोघर वाटत निघाली. मी पुढे होतो. मी ओरडून सांगत होतो, दादा कामी आला, दादा कामी आला. लोक फुलं घेत आणि आत जात. कुणी खाल्ली नाहीत.

शेवटचं घर साळिंदराचं. त्याची आई दारातच बसली होती. तिच्यापुढेही पत्र होतं. तिनं फुलं परत आईच्या ओंजळीत घातली.

"वहिनी, माझाही कामी आला," ती म्हणाली.

"मग तुम्ही वाटलं नाहीत काही?" आईनं विचारलं.

 साळिंदरणीनं आईचा हात धरून तिला खाली बसवलं. मी अजून ओरडत होतो.

माघी पौर्णिमा आली. टिटवीबाई मैदानावर हजर झाल्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी शिट्टी वाजवली. आपला संघ आला नाही. पलीकडचाही आला नाही.

आई मात्र मैदानावर गेली होती. ती दादाच्या जागी, गोलात उभी राहिली आणि एकदा भुंकली. नदीपलीकडून कुणी तरी दोनदा भुंकलं. बाईचा आवाज होता.

टिटवीबाईंनी वहीत लिहिलं: दोन्ही संघ गैरहजर. प्रेक्षक, दोन.

कुणीच न जिंकलेली ढाल बगळे सरांच्या कपाटात आहे. सर नवीन अकरा जण निवडतायत. परवा ते आमच्या दारावरून गेले आणि मला म्हणाले, तुझे पाय चांगले आहेत.

तात्पर्य: मुलांनो, कुणाच्याही कामी येऊ नका. घरात काडीच्या कामाचे नसलात तरी चालेल. बोलणी खा आणि घरीच राहा.