रामटेके सिस्टरच्या शिव्या

तिगावात एखाद्या तान्ह्या लेकराला पाहून रामटेके सिस्टरनी शिवी दिली नाही, तर त्याच्या आईला त्या दिवशी घास गिळवत नसे. आणि दिली, तर ती बाई गल्लीभर सांगत सुटे.

"आमच्या बंड्याले काय म्हनल्या माहीत हाय? हल्या म्हनल्या, हल्या!"

"आमच्याले त बोंग्या म्हनल्या. न वरून खादाड."

हल्या म्हणजे रेडा. आणि हे सगळं हापशीवर, कळशी भरता भरता, मान ताठ करून. मी तेव्हा वरूडहून लग्न होऊन नवीनच आले होते. मला वाटलं, या गावाच्या बायांचं डोकं ठिकाणावर नाही. वरूडला आमच्या घरातल्या लेकराला कोणी रेडा म्हटलं असतं, तर आमच्या काकांनी काठीच काढली असती.

सिस्टर राहायच्या आमच्या घरामागच्या सरकारी क्वार्टरात. ठेंगण्या, अंगानं रुंद, पांढरी साडी, रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि खांद्याला रेक्झिनची बॅग. त्या बॅगेच्या बंदाला एक लाल लोकरीचा गोंडा लोंबत असे. मूळच्या सौंसरकडच्या, नर्सिंग शिकल्या नागपूरला. आगेमागे कोण आहे असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "हाय नं, अख्खं तिगाव." आणि विषय तिथंच मिटवायच्या.

त्यांची लेकरू तपासायची तऱ्हा न्यारी होती. दारात यायच्या, हात पाठीमागे बांधायच्या आणि नुसत्या पाहत राहायच्या. बोलणं नाही, चालणं नाही. लेकरू झोपलेलं असेल तर उठवू द्यायच्या नाहीत. "झबलं वर कर, पोट दिसू दे," एवढंच आईला हळूच सांगायच्या आणि पुन्हा पाहणं सुरू. जणू घर विकत घ्यायला आल्या आहेत आणि भिंतीत ओल कुठं आहे ते शोधून राहिल्या आहेत.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, एवढं काय पाहता?"

"आधी डोये, मंग कान, मंग हात," त्या म्हणाल्या. "न तोंडात चमचा सगळ्यात शेवटी. पयलेच चमचा घातला त पोट्टं बोंबलते. मंग छातीत काय वाजून राहिलं, ते का तुह्या सासऱ्याले आयकू येईन?"

दारात थांबण्याला आणखीही एक कारण होतं, ते बोलून दाखवायची गावात रीत नव्हती. सिस्टर बौद्ध. काही घरं त्यांना औषध मागत, पण आत या म्हणत नसत. आमचं घर त्यांतलंच. सिस्टरनी त्यावर आपला तोडगा काढला होता. कोण आत बोलावतं आणि कोण नाही याची वाटच पाहायची नाही, सगळ्यांच्याच दारात थांबायचं. मग लेकराला उचलून आईनं ओसरीवर यायचं आणि पुढची तपासणी तिथं.

आता शिव्यांकडे येते. त्या शिव्या म्हणजे काय होत्या, ते मला हळूहळू कळलं. सिस्टर लेकराच्या कानामागे किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवायच्या. लेकरानं मान वळवली की, "चोरट्या! आतापासूनच किल्ल्यांवर डोया?" म्हणजे कान शाबूत. लाल गोंडा तोंडासमोरून इकडून तिकडे न्यायच्या. बुबुळं त्याच्या मागोमाग गेली की, "घुबड्या, काय टकमक पाहून राहिला बे!" म्हणजे डोळे शाबूत. तळहातात बोट द्यायच्या आणि लेकरानं ते घट्ट धरलं की, "सोड बे सावकारा!" टाळूवर बोटांची टोकं अशी ठेवायच्या, की लेकराला कळूही नये. टाळू बसलेली नाही, फुगलेली नाही, की "डोक्यात नुसता भुसा हाय टकल्याच्या." छातीला लावायची नळी आधी आपल्याच काखेत धरून कोमट करायच्या आणि सगळ्यात शेवटी चमच्यानं घसा पाहिल्यावर लेकरानं भोकाड पसरलं, की खूश होऊन म्हणायच्या, "झाला रेडिओ चालू!" एक शिवी म्हणजे एक परीक्षा पास. आमच्या बाया हापशीवर लेकरांचे निकालच सांगत होत्या, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

हे सुरू कसं झालं, ते सासूबाईंनी सांगितलं. सिस्टर गावात नव्या होत्या तेव्हा चांगल्या शिकल्यासवरल्या बाईसारख्या बोलत. एका घरी अशाच दारात उभ्या राहून त्यांनी खूप वेळ लेकराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती गोड आहे हो बाळ!" त्याला सुई टोचली आणि निघाल्या. संध्याकाळी लेकरू तापलं. ताप सुईचा, पण सुईपेक्षा नजर जुनी. घरच्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, मिरच्यांची खाट आली नाही, कोणाला ठसका लागला नाही, म्हणजे जबरच नजर असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टर दिसल्या की बाया लेकरं पदराखाली झाकू लागल्या.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! चार दिवस कोनी दार नाही उघडलं. पाचव्या दिवशी बाई आली न कुंभाराच्या दारातून वरडली, काहो, हे काळं बेंद्रं कोनाचं? कुंभाराची म्हातारी अश्शी खूश झाली! लेकराले उचलून बाहीर घेऊन आली. मोठी हुशार बाई हाय थे." सासूबाई कोणाला सहजासहजी हुशार म्हणत नसत, मला तर नाहीच.

पण याला एक दुसरी बाजू होती. किराणा दुकानवाल्यांच्या नातवाला सिस्टरनी असंच दारातून पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "छान आहे हो बाळ," असं पुस्तकातल्यासारखं म्हणाल्या. दुकानवाले फुलले. पुढचं वाक्य होतं, "पांढुर्ण्याला दाखवू या, आजच." लेकरू वाचलं, पण बरेच दिवस तिथल्या दवाखान्यात राहिलं. मग एका मजुराच्या मुलीला असंच "गुणाची आहे हो" म्हणाल्या. तिचंही तेच झालं. गाव काही खुळं नव्हतं. तेव्हापासून तिगावात म्हणच पडली, की सिस्टर गोड बोलल्या तर बैल जुंपा.

माझी वैशाली झाली तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. मी मॅट्रिक झालेली, नजरबिजर मानत नाही असं सासूबाईंना दोनदा सुनावलेली. पण सिस्टर पहिल्यांदा वैशूला पाहायला आल्या तेव्हा माझे कान त्यांच्या तोंडच्या एका शब्दासाठी टवकारलेले होते. "नकटी!" सिस्टर ओरडल्या. "ढब्बी! न कायी वं, तवा मांडून ठेवला हाय काय तोंडाच्या जागी?" सासूबाईंनी त्या दिवशी शेजारी गूळ वाटला. मी पण हापशीवर गेले आणि कोणी विचारायच्या आधीच सांगून मोकळी झाले.

मग थंडी आली. आंब्या बहाराची संत्री तोडायचा हंगाम, घरातले सगळे मळ्यात, ट्रक भरून चाललेले. वैशूला सर्दी-खोकला झाला. सासूबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकत होत्या. दोन दिवस रडून रडून ती त्या दुपारी एकदम शांत झाली. अंगावर प्यायली नाही, पण झोपली. बरं वाटत असेल, असं आम्ही दोघींनी एकमेकींना सांगितलं.

त्याच वेळी सिस्टर फेरीवरून परतत होत्या. सवयीनं दारात थांबल्या, हात पाठीमागे. "झबलं वर कर," म्हणाल्या. मी केलं.

त्या पाहत राहिल्या. मीही पाहू लागले तेव्हा मला दिसलं. वैशू भराभरा श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्यांखाली खळगा पडत होता. इतका वेळ ती माझ्यासमोरच झोपली होती आणि मी तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडेच पाहत बसले होते.

सासूबाई थांबून होत्या. "म्हना नं काही," त्या म्हणाल्या.

सिस्टरनी किल्ल्या वाजवल्या नाहीत. गोंड्याला हात लावला नाही. चपला काढल्या आणि कोणी या न म्हणताच उंबरा ओलांडून आत आल्या, वैशूच्या खाटेशी जमिनीवर बसल्या. नळी काखेत धरली, मग लावली, ऐकलं. आणि तिच्या कपाळावरचं जावळ मागे सारून हळूच म्हणाल्या, "छान आहे हो बाळ. किती छान आहे."

सासूबाईंच्या हातातली पुरचुंडी खाली पडली.

"सिस्टर," मी म्हणाले, "शिवी द्या. नकटी म्हणा नं. नकटीच हाय थे, म्हणा नं हो." मी त्यांचा दंड धरून हलवत होते. मॅट्रिक झाल्याचं मला काही आठवत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पांढुर्ण्याला जाऊ या," म्हणाल्या. "आत्ता."

मळ्याच्या तोंडाशी भरलेला ट्रक निघायच्या बेतात होता. निरोप मिळताच आमचे हे धावत जाऊन त्याच्या आडवे उभे राहिले. ट्रकच्या केबिनमध्ये मी, मांडीवर वैशू, शेजारी सिस्टर. मी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळत होते, त्या सोडवत होत्या. "उभी धर. छाती मोकळी राहू दे." मागे संत्र्यांचा वास, पुढे खड्डे. वैशूचं पोट खालीवर होत होतं, त्यावर सिस्टरची नजर. तिथंच मी रडत विचारलं, तुम्हाला सगळं कळतं, मग एक खोटी शिवी दिली असती तर काय बिघडलं असतं?

"दर बारीले ठरवतो वं मी," सिस्टर म्हणाल्या. "मनात म्हनतो, देऊन टाकाव एखादी, घरचे लोक भेत नाही. पन आजारी लेकराच्या तोंडाकडे पाह्यलं का शिवी घशातच अटकते. जीभच वयत नाही बाप्पा."

न्युमोनिया होता. सुया झाल्या, नाकाला नळी लागली. सासूबाईंनी माझ्याआधी देवाला नवस केला आणि मी त्यांना अडवलं नाही. पुष्कळ दिवसांनी वैशूला घेऊन घरी आलो. संध्याकाळी सिस्टर आल्या आणि दारात थांबल्या, हात पाठीमागे. त्यांच्या मागे अर्धी गल्ली. मी झबलं वर केलं.

"आता गं बाई!" सिस्टर कडाडल्या. "दवाखान्यातलं फुकटचं खाऊन आनखीनच नकटी होऊन आली कायी!"

मी अशी रडले, की तशी माझ्या लग्नात पाठवणीलाही रडले नव्हते. सासूबाईंनी पाट मांडला आणि म्हणाल्या, "दारात काहून उभ्या? या, आत या." चहा दिला तो घरच्याच कपात. सिस्टरनी कपाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि चहा फुर्र करून पिऊन टाकला. पुढं आमच्याकडे त्या दारात थांबायच्या, पण ते फक्त पाहण्यापुरतं.

वैशू शाळेत जायला लागली त्या वर्षी उन्हाळ्यात सिस्टरना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, भ्यायचं कारण नाही, आराम करा, खा-प्या, उतरेल. गाव लोटलं. ज्या घरांनी त्यांना कधी आत बोलावलं नव्हतं, त्यांच्याही बाया क्वार्टरात येऊन बसू लागल्या. कोणी उसाचा रस आणला, कोणी साळीच्या लाह्या. आणि बोलायच्या काय?

"सिस्टर, किती चांगल्या हा तुमी."

"तुमच्यासारखी बाई होनार नाही पुन्हा."

सिस्टरनी खाणं सोडलं. रस तसाच, लाह्या तशाच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आम्हाला वाटलं दुखणं वाढलं. मी पेज घेऊन गेले त्या दुपारी बाया नुकत्याच उठून गेल्या होत्या. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. तिथं वर्षानुवर्षं एकच ताट धुतलं जात होतं.

"सुनबाई," भिंतीकडूनच आवाज आला, "खरं सांग. सारं गाव गोड बोलून राह्यलं माह्याशी. माह्यं काही खरं नाही नं आता?"

"असं नका बोलू सिस्टर. तुम्ही छान..." एवढं बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

एक शिवी द्यायची होती फक्त. म्हातारे म्हण, ढेरपोटे म्हण, काहीही. मी तोंड उघडलं. त्यांनी मान वळवली, आणि ते हळदीसारखं तोंड, ते पिवळे डोळे पाहून माझ्याही घशात शिवी अडकली. मनुष्याला शिवी द्यायला कोणीतरी अगदी आपलं लागतं, आई लागते, बहीण लागते. अख्ख्या तिगावाला शिव्या देणाऱ्या या बाईला उलट एक शिवी देणारं कोणी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. पेजेची वाटी हातात धरून मी रडायला लागले. म्हणजे सिस्टरची खात्रीच पटली.

तेवढ्यात दारात सावली पडली. वैशू शाळेतून येऊन मला शोधत आली होती. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर थांबली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सिस्टरकडे पाहू लागली. खूप वेळ पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, मधेच पोटाकडे जास्त. मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"काय वं हे!" ती ओरडली. "पिवळी झाली नुसती! संत्रं हाय काय तू? ढब्बी! न लाह्या काहून नाही खाल्ल्या? आळशी!"

मी तिला दटावायला हात उचलला. पण सिस्टर कोपरावर टेकून उठत होत्या. तोंडावरचा पदर त्यांनी बाजूला केला आणि डोळे न पुसताच माझ्यापुढं पेजेच्या वाटीसाठी हात पसरला.

"आनखी म्हन," त्या वैशूला म्हणाल्या.