येऊ द्या, येऊ द्या

व्याह्यांची नवी गाडी पुंजारामच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावरून गेली, तेव्हा "येऊ द्या, येऊ द्या" असं पुंजाराम स्वतःच म्हणत होता. त्यामुळे तक्रारीला मुळातच जागा कमी होती. त्यातून व्याही अधिक महिन्याच्या धोंड्याच्या जेवणाला आलेले, म्हणजे होती नव्हती ती जागाही गेली.

धोंड्याच्या जेवणाची रीत साधी असते. लेक-जावई आणि व्याह्यांना बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, आहेर करायचा आणि मंडळी निघून जाईपर्यंत चेहरा हसरा ठेवायचा. पुंजारामने यंदा त्यात एक काम वाढवलं होतं. त्याची एकुलती एक लेक संजीवनी, नर्सिंगचं एकच वर्ष राहिलेलं असताना लग्न होऊन वाळूजला गेली होती. "पुढचं पुढं बघू," असं तिचे सासरे नानासाहेब लग्नात म्हणाले होते. वर्ष होत आलं तरी ते पुढचं काही पुढे आलं नव्हतं, आणि कॉलेज तर येत्या सोमवारी उघडणार होतं. आज जेवणं झाली, पान खाल्लं, की नानासाहेबांच्या कानावर विषय घालायचा, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"पोटभर जेवलेला माणूस नाय म्हणत नाय," सारजाबाई म्हणाली होती. तिचा संसार याच तत्त्वावर चालत आला होता.

नानासाहेबांची जमीन कंपन्यांत गेली होती आणि साठीला टेकल्यावर त्यांनी गाडी घेतली होती. ती चालवायलाही ते स्वतःच शिकले. त्यांचा मुलगा काकासाहेब वाळूजच्या कारखान्यात गाड्यांचेच भाग बनवत असे, पण घरच्या गाडीत त्याची जागा बाजूच्या सीटवर. पैठण रस्त्यावरच्या पुंजारामच्या घरासमोर गाडी आली, मंडळी उतरली आणि नानासाहेबांनी जाहीर केलं की गाडी उन्हात राहणार नाही, लिंबाखाली लावायची. लिंब गोठ्याच्या कडेला. तिथे गाडी मागे घेत न्यावी लागणार होती.

पुंजाराम पाय धुण्यासाठी तांब्या घेऊन अनवाणीच उभा होता. तो तसाच गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. "येऊ द्या, येऊ द्या. लई जागा हाय. येऊ द्या." जागा खरोखरच होती, पण ती पुंजारामच्या पायाच्या अलीकडे संपत होती, हे त्याच्या ध्यानात जरा उशिरा आलं. "बास" म्हणायचं होतं, ते घशातच राहिलं. त्याने तांब्या गाडीच्या पाठीवर हाणला. नानासाहेब दचकले. त्यांनी गडबडीने गिअर बदलला, गाडी पुढे उसळली, पुढचं चाक धुण्याच्या दगडावर चढलं आणि गाडी बंद पडली.

तेवढ्यात पुंजारामने धोतराचा सोगा खाली सोडून अंगठा झाकून घेतला.

"लागलं का काय, पाव्हणं?" नानासाहेबांनी गाडीतूनच विचारलं.

"छे. मला कुठं काय? तुम्हाला?"

"मला कामून लागंल? मी तर आत होतो."

पुंजारामचा हिशेब चुकीचा नव्हता. नानासाहेब म्हणजे लग्नात फेटा बांधायला उशीर झाला म्हणून मांडवाबाहेर जाऊन बसलेला माणूस. बायको आणि मुलासमोर, नव्या गाडीने, व्याह्याचाच पाय चेंगरला हे उघड झालं, तर तो खजील होणार. खजील झालेला माणूस त्या अंगणात काहीही कबूल करत नाही, उलट त्या अंगणातल्या पोरीला जन्मभर ऐकवतो. तेव्हा अंगठा आपलाच आहे, आपणच गप्प बसावं, हे पुंजारामने ठरवून टाकलं.

पण त्याचा पुतण्या बद्रीनाथ याने ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. बद्रीनाथ शहरात विम्याची कामं करायचा, आणि अपघातानंतर काय करावं हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्याने चुलत्याला गोठ्यामागे नेलं.

"काका, गाडी हलवू देऊ नका. आधी फोटो काढतो. मग पोलिसांत खबर द्यायची, मग दवाखाना. तिथं सांगायचं, गाडीखाली पाय आला. मग कंपनीला कळवायचं. सगळं आजच्या आज."

"खबर कुणावर द्यायची?"

"गाडी चालवणाऱ्यावर."

"म्हंजे व्याह्यावर. आन् तू त्याला आता धोंडे वाढणार."

"आवं काका, त्यांच्या खिशातून काय जात नाय. विमा कंपनी देती. तुम्ही यात थर्ड पार्टी हाव."

"लेकीच्या सासऱ्याला म्या तिऱ्हाईत कसा होईन?"

"कायद्यात तसंच हाय."

"मंग कायद्याला पोरगी नसंल," पुंजाराम म्हणाला आणि टाचेवर चालत अंगणात गेला. बद्रीनाथने सांगितलेलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. अडचण एवढीच होती की त्यातलं काहीही करता येण्यासारखं नव्हतं.

पाय धुण्याला उकिडवं बसावं लागतं, हे पुंजारामला आजवर कधी जाणवलं नव्हतं. आधी जावयाचे पाय धुतले. अंगाचा सगळा भार चवड्यांवर आला. नानासाहेबांचे पाय धुवायला घेतले तोवर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बापाचं काळीज हाय," विहीणबाई मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला. सारजाबाई चकित होऊन नवऱ्याकडे बघत राहिली. पोरगी सासरी निघाली त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता.

पंगत बसली. रीतीने पुंजारामने व्याह्याच्या शेजारी बसायला हवं होतं, पण मांडी घालायची म्हणजे अंगठा वळवायचा. तेव्हा त्याने "मी वाढतो, मी वाढतो" असं धरलं आणि धोंड्यांचं ताट घेऊन टाचेवर फेऱ्या मारू लागला. नानासाहेबांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. एरवी धोंडे मोजायचे नसतात असं म्हणणारा हा माणूस आज उजवा हात उपरण्याखाली घेऊन बसला होता. मधूनच तो बाहेर काढी, दोन बोटांनी पुरण चिवडी आणि पुन्हा आत नेई.

"घ्या की, पाव्हणं."

"नको. भूकच नाय."

"तूप तरी."

"नको म्हणलं ना."

संजीवनी तूप वाढत होती. तिने एकदा बापाच्या पायाकडे बघितलं, एकदा सासऱ्यांच्या ताटाकडे बघितलं आणि तुपाची वाटी घेऊन आत निघून गेली.

सगळ्यात वाईट झालं ते आहेराच्या वेळी. पुंजारामने धोतरजोडी पुढे केली, आणि नानासाहेबांनी ती डाव्या हाताने घेतली. चक्क डाव्या हाताने. सारजाबाईच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे रोखून बघितलं. नानासाहेब आढ्याकडे बघत होते. विषय काढायची वेळ हीच होती, पान पुढ्यात होतं, पण डाव्या हाताने आहेर घेणाऱ्या माणसाला कुणी काय विचारावं? पुंजारामने नुसती चुन्याची डबी पुढे सरकवली.

मंडळी निघायच्या आधी तो पाण्याच्या हौदामागे जाऊन पाय गार पाण्यात सोडून बसला. अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला होता. संजीवनी मागून कधी आली ते त्याला कळलं नाही. तिने वाकून अंगठा बघितला, दोन ठिकाणी दाबला आणि तो कळवळला तशी ती उठली.

"अण्णा, हाड मोडलंय. उद्या गुलमंडीमागच्या हाडाच्या दवाखान्यात जाऊन फोटो काढून या. दहाच्या आत जा, मग गर्दी होती. मी कुणाला बोलत नाय."

"तुझं इचारायचं राहिलं गं, पोरी."

"राहू द्या. आधी पाय," ती म्हणाली.

निघताना नानासाहेबांनी आणखी एक धक्का दिला. गाडीची किल्ली मुलाकडे टाकून ते म्हणाले, "आज तू चालव." काकासाहेब किल्ली हातात धरून नुसताच उभा राहिला. एवढा राग, की गाडीचीसुद्धा वासना उडाली, असं पुंजारामला वाटलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर सारजाबाई ओट्यावर बसून रडली. पुंजारामला रडायला कारणं दोन होती, पण दुखणं होतं ते अंगठ्याचं नव्हतं. पोरीचं वर्ष आपल्या दारात येऊन परत गेलं, हे त्याला खरंच सोसलं नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बियाणं बघून येतो असं सांगून तो एसटीने शहरात आला आणि लंगडत दवाखान्यात पोचला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"कसं लागलं?"

"न्हाणीत घसरलो."

माणसाने वाकून पायाकडे बघितलं. "न्हाणीत गाडी लावता का तुम्ही?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्याने बाकाकडे बोट दाखवलं. पुंजाराम भिंतीकडे तोंड करून बाकावर बसला. थोड्या वेळाने खिडकीशी दुसरं कुणी आलं.

"कसं लागलं?"

"न्हाणीत घसरलो."

"आज सगळ्या जिल्ह्याच्या न्हाण्या निसरड्या झाल्यात. बसा त्या बाबांजवळ."

तो आवाज पुंजारामच्या ओळखीचा होता. शेजारी येऊन बसलेल्या माणसाचा उजवा हात उपरण्यात बांधलेला होता आणि अंगठा पुरणाच्या धोंड्याएवढा सुजला होता.

"पाव्हणं, तुम्ही इथं?" नानासाहेब म्हणाले.

"सहज आलतो. तुम्ही?"

"मी बी सहजच."

दोघे समोरच्या भिंतीवरचं हाडांचं चित्र बघत बसले. त्यातल्या माणसाचे सगळे अंगठे शाबूत होते.

"चाक दगडावर चढलं," नानासाहेब शेवटी म्हणाले, "तव्हा स्टेअरिंगनं उलटा हिसका दिला. अंगठा आत होता."

"मग बोलला नाय कामून?"

"पोरासमोर? तो महिनाभर कानीकपाळी वरडत होता, अंगठे आत घालू नका म्हणून. बोललो असतो तर किल्ली गेली असती." मग त्यांची नजर पुंजारामच्या पायावर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. "हे माझ्या गाडीनं?"

"तिचा दोष नाय. म्याच येऊ द्या म्हणत होतो."

"आन् मला वाटलं, तुम्ही कशावरनं तरी राग धरला. पंगतीला शेजारी बसला नाय. आमची ही तर वाळूजपोत माझ्याशी बोलली नाय."

"तुम्ही डाव्या हातानं आहेर घेतला म्हणून आमच्याकडं चूल पेटली नाय."

"उजव्यानं काय धरणार होतो मी?" नानासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आन् धोंडे कसले झालते, काय सांगू. वास घेऊन उठलो."

पुंजारामला हसू आलं, पण हसलं की अंगठ्यात कळ जाई, म्हणून त्याने ते आवरलं. "बरं, इथं कुणी धाडलं तुम्हाला?"

"सूनबाईनं. गाडीत बसताना हळूच म्हणली, मामा, हाड मोडलंय, दहाच्या आत जा. तुम्हाला?"

"दहाच्या आतच."

पुन्हा दोघे हाडांच्या चित्राकडे बघू लागले. नानासाहेबांच्या कपाळावर आठी पडली.

"म्हंजे तिला दोन्हीकडचं माहीत हाय."

"हाय."

"बोलंल का घरात?"

पुंजाराम आयुष्यात कधी डावपेचाने वागला नव्हता. बैल विकतानासुद्धा तो बैलाची खोड आधी सांगायचा. पण एकाच पायावर बसलेल्या माणसाची अक्कल कधी कधी चालते.

"ती बोलायची नाय," तो सावकाश म्हणाला. "गुणाची हाय. पण कसं हाय, पाव्हणं, दिवसभर घरात बसून माणसाला बोलायला लई वेळ मिळतो. कॉलेजात गेली असती, तर तेवढा वेळ मिळाला नसता."

नानासाहेबांनी मान वळवून व्याह्याकडे नीट बघितलं, कदाचित लग्नानंतर पहिल्यांदाच.

"कधी उघडतंय ते?"

"सोमवारी."

नानासाहेबांनी डाव्या हाताने खिशातून मोबाइल काढला, डाव्याच हाताने कसाबसा नंबर लावला आणि घसा साफ केला. "सूनबाई, तुझं ते राहिलेलं वर्ष. सोमवारपासून जायचं. मी ठरवलंय." पलीकडचं ऐकून घेऊन त्यांनी मोबाइल हळूच खिशात ठेवला.

"काय म्हणली?" पुंजारामने विचारलं. त्याचा जीव कानात आला होता.

"म्हणली, बरं मामा. ह्यांनी माझे कॉलेजचे ड्रेस कालच इस्त्री करून आणलेत."

तेवढ्यात नावं पुकारली गेली, आणि मग एकाच्या पायाला आणि एकाच्या हाताला प्लास्टर चढलं.

बाहेर गल्लीत ऊन तापलं होतं. व्याही व्याह्याचा हात धरून पायरीवर उभा होता, कोण कुणाला धरून आहे हे सांगता येत नव्हतं. एक रिक्षा गल्लीत अडकली होती आणि रिक्षावाल्याला ती मागे घ्यायची होती. त्याने मान बाहेर काढून हाक मारली.

"चच्चा, पीछे जगा है क्या? जरा देख के बोलना."

पुंजारामने नानासाहेबांकडे बघितलं, नानासाहेबांनी पुंजारामकडे. मग दोघेही एकमेकांना धरून आणखी एक पायरी वर चढले आणि तोंड मिटून उभे राहिले.