मधली दोन घरं

"अक्का, दोन घरं द्या."

अप्पा पहिल्यांदा दुकानात आले आणि काउंटरवर पिशवी ठेवून असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा प्लॉटवाल्याचं ऑफिस समजून चुकून इकडं शिरला. मुरूमच्या बाजारात आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, दिवसभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरतात आणि दुकान मी सांभाळते. मी म्हटलं, "अप्पा, इथं वायरी आणि बटणं मिळतात. घरं न्हाय मिळत."

त्यांनी माझ्या मागं टांगलेल्या कनेक्टरच्या पट्टीकडं बोट केलं. पांढऱ्या प्लास्टिकची, बारा खणांची पट्टी. खणात इकडून एक वायर घालायची, तिकडून दुसरी, वरचे दोन स्क्रू आवळले की जोड पक्का. या खणाला अप्पा 'घर' म्हणतात. लोक अख्खी पट्टी नेतात. अप्पांना दोनच घरं हवी होती. मी कडेची दोन कापायला घेतली, तर यांनी हात आडवा घातला.

"कडंची नगं. मधली द्या. कडंच्या घराला वारा लागतो."

कनेक्टरला वारा लागतो हे मी वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होते. पण नवं गिऱ्हाईक म्हणून मुकाट्यानं मधली दोन घरं कापून दिली. हीच माझी चूक झाली. त्यानंतर दीड वर्ष, आठवड्यातून तीनदा, सकाळी सव्वाअकराला अप्पांची सायकल आमच्या पायरीला टेकायची. माझ्याकडं पाच-पाच घरांच्या तुकड्यांचा डबा भरला. ते तुकडे कोणी घेईना. "अक्का, उंदरानं खाल्ली का पट्टी?" असं लोक विचारायचे.

अप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. जन्मभर उसाच्या गाड्या तोलल्या, आता माझा माल तोलायचे. पिशवीतून स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर काढायचे. त्याच्या मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. काउंटरवरच एकेक स्क्रू पूर्ण उघडायचे, चष्मा कपाळावर सारून उजेडात धरायचे, पुन्हा बसवायचे. मग वायरीचा तुकडा घालून ओढून बघायचे.

"ह्यो मेलेला हाय. जिता द्या."

"अप्पा, एकाच पाकिटातला माल आहे."

"एका आईची लेकरं तरी सारखी निघत्यात व्हय?"

नेलेला मालही परत यायचा. आठ दिवसांनी कागदाच्या पुडीत एक कनेक्टर बांधून आणायचे आणि तक्रार अशी, की याचा स्क्रू सुस्त आहे. स्क्रू सुस्त कसा असतो, असं मी एकदा विचारलं. अर्धा तास सांगत होते. तेव्हापासून मी विचारायची बंद झाले.

आमच्या मालकांनी एकदा त्यांना समजावलं, "अप्पा, घरातल्या घरात जोड मारायचाय ना? वायरीला पिळा मारा, टेप गुंडाळा. आमी जन्मभर तेच करतोय."

अप्पांनी मालकांकडं असं पाहिलं, की जणू यांनी देवळात चप्पल घातली. "पिळा मारणाऱ्याचा भरवसा न्हाय," म्हणाले आणि नंतर महिनाभर मालकांशी बोललेच नाहीत. फक्त माझ्याशी बोलायचे. मालकांना ते लई बरं वाटलं.

कसली वायरिंग करताय, असं विचारलं तर "चाललंय घरचं" एवढंच. मी हिशोब केला होता. या माणसानं नेलेल्या कनेक्टरांवर एखादं मंगल कार्यालय उजळलं असतं.

मग रब्बीच्या पेरण्यांचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एकाचा स्टार्टर जळालेला, एकाला केबल हवी, प्रत्येकाची लाईट दोन तासांत जाणार, प्रत्येकाला घाई. त्या गर्दीत अप्पा मध्यभागी उभे राहून शांतपणे तिसऱ्या पट्टीचे स्क्रू उघडत होते. मागून एक जण ओरडला, "ओ आजोबा, सरका की! पाणी निम्म्यात थांबलंय."

अप्पा म्हणाले, "थांबा जरा. ह्यो बी मेलेलाच हाय, अक्का."

माझं डोकं फिरलं. मी कपाटातून पट्ट्यांचं अख्खं पाकीट काढलं आणि त्यांच्या पिशवीत कोंबलं. "हे घ्या! पैसे नकोत. मधली, कडेची, मेलेली, जिती, सगळी घेऊन जा. आता दोन वर्षं दुकानात यायचं काम नाही!"

सगळी हसली. मीही हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला, पिशवी उचलली, "बरं हाय, अक्का," म्हणाले आणि गेले. स्क्रू ड्रायव्हर काउंटरवरच राहिला.

पहिला आठवडा मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात सव्वाअकरा वाजले की मी उगाच पायरीकडं बघायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मालक म्हणाले, "त्यांच्या वस्तीच्या बाजूलाच एक मोटार बघायला जायचंय. येतीस का? त्यांचं अवजार देऊन टाकू." मी स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि गाडीवर मागं बसले.

वस्ती गावापासून चारेक किलोमीटर. मला दारात सोडून मालक पुढं गेले. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, शेजारी गोठा. अप्पा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. मला बघून गडबडले. पिठाच्या हातानंच पाट सरकवला.

मी भिंतीकडं बघितलं. वायर इतकी सरळ गेली होती, की मालकांच्या आयुष्यात तशी गेली नाही. आणि जिथं तिथं मोटारसायकलच्या इंडिकेटरचे छोटे पिवळे बल्ब. चुलीच्या वर एक, न्हाणीच्या दारात एक, गोठ्यात एक, पाण्याच्या टाकीपाशी एक, पार बांधावरच्या कडुनिंबाला एक.

"हे काय, अप्पा?"

"आमच्या मंडळींचं हाय." त्यांनी आतल्या खोलीकडं मान केली. "दोन वर्षं झाली, अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हाक मारता येत न्हाय. मग हाताशी बटण दिलं. तिनं दाबलं की म्या जिथं असंल तिथं दिवा लागतो. बॅटरीवर हाय, लाईट गेली तरी चालतं."

"आणि एवढे जोड?"

"हात कुठवर पोचंल ते रोज येगळं असतंय. बटण सरकवावं लागतं. पिळा मारला तर दरवेळी वायर कापा. कनेक्टर असला की स्क्रू ढिला केला, सरकवलं, आवळला." त्यांनी तवा उतरवून बाजूला ठेवला. "पयल्यांदा पिळाच मारला होता म्या. सुटला एकदा. म्या गोठ्यात, आन् ही इथं खाटंवरनं पडलेली. बटण दाबत होती. दिवा लागलाच न्हाय. किती येळ दाबत होती कुणास ठाऊक."

मी पर्स उघडली. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी फडताळातून माझं पाकीट काढलं. सील तसंच होतं.

"हे परत घ्या, अक्का."

"का? माल वाईट निघाला?"

"माल बरा हाय. पण शेजारची सून अकराला येती, तासभर हिच्याजवळ बसती. तेवढा तास म्या सुटतो. घरातच एवढा माल असल्यावर तुमच्याकडं कशाला येऊ? आन् मग बोलू कुणाशी?"

मी पाकीट पर्समध्ये कोंबत होते, तेवढ्यात चुलीवरचा बल्ब लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. मी उठले. "अप्पा, बोलावतायत त्या. जा लवकर."

अप्पा बसूनच राहिले. "एकदा लावला म्हंजे पाणी. दोनदा म्हंजे कूस बदलायची."

"आणि तीनदा?"

"तीनदा म्हंजे काय न्हाय." अप्पांनी पिठाचे हात धोतराला पुसले. "नुसतंच. हाय का, म्हणून इचारती."

त्यांच्या मागच्या भिंतीवर आणखी एक बटण होतं. त्यांनी हात मागं नेऊन ते तीनदा दाबलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत तीनदा पिवळा उजेड पडला आणि खाटेवरून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला.