ब्लॅक मंडळाचा काळू पेंटर

काळू पेंटर माझ्या गाडीत चढला, की खिडकी पकडतो आणि मोठ्यानं भिंती वाचायला लागतो. मी एस.टी.त कंडक्टर, पारनेर-नगर गाडीवर. शहराचं नाव बदललं, गाडीवरची पाटी बदलली, पण प्रवासी अजून "एक नगर द्या" म्हणतात आणि मी देतो. गाडी सुटली की काळूचं सुरू होतं. "मुकी. मुकी. ही बी मुकी. हां, ही बोलती!" ज्या भिंतीवर चित्र आहे ती बोलती, जिच्यावर नाही ती मुकी. सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती असलेल्या भिंतींना तो 'बडबडी' म्हणतो आणि त्यांच्याकडे बघतही नाही.

या सवयीपायी एकदा एक सोयरीक मोडता मोडता वाचली. काळूच्या शेजारी फेटेवाले एक पाहुणे बसले होते, मुलासाठी पोरगी बघायला निघालेले. त्यांनी आपण कोणत्या गावाला चाललो ते काळूला सांगितलं. नेमकं तेच गाव आलं आणि काळू खिडकीबाहेर बघत हळहळला, "मुकी हाय हो. पार मुकी."

पाहुण्यांचा चेहरा उतरला. "तुमच्या वळखीची हाय का?"

"वळखीची म्हंजे? येता-जाता बगतोय की. पयली चांगली पांढरीफेक हुती. आता पोपडे सुटल्यात. घरच्यांचं ध्यान न्हाई."

"आन आमाला तर फोटोत गोरी दाखवली!"

"फोटोवर जाऊ नका. उन्हात नीट बगा. मधी एक चीर बी गेलीया."

पाहुणे उठून गाडीचा दांडा धरून उभे राहिले आणि परतीचं तिकीट मागू लागले. मी मध्ये पडून, काळू ग्रामपंचायतीच्या भिंतीबद्दल बोलतोय, हे पटवून देईपर्यंत गाव मागं पडलं होतं. शेवटी त्यांना पुढच्या फाट्यावर उतरवावं लागलं. लग्न झालं. पत्रिका काळूलाही आली. तो गेला आणि लग्नघराच्या भिंतीवर, कुणी सांगितलेलं नसताना, मोर काढून आला.

काळू माझा शेजारी. आमची वस्ती बौद्ध लोकांची, गावापासून ओढ्यानं वेगळी केलेली. त्याच्या आणि माझ्या घरात एक भिंत सामाईक आहे. तिची माझ्या बाजूची पाठ त्यानं मी ड्युटीवर असताना रंगवली. संध्याकाळी घरी आलो तर कपाटाच्या जागी हत्ती. बायको म्हणाली, "भाऊजी म्हणाले, कपाट दुसरीकडं ठेवा, हत्तीला वारा लागू द्या." कपाट आजही दारात आहे. येणारा-जाणारा त्यावर आपटतो आणि हत्ती मजेत वारा खातो.

धंद्यानं काळू पाट्या रंगवणारा. डिजिटल बोर्ड आल्यावर पेंटर लोकांचे हात थांबले, तसे त्याचेही थांबले. पण शनीच्या शिंगणापूरच्या बाजूला त्याला अजून काम मिळतं. तिथल्या तेलाच्या, काळ्या बाहुल्यांच्या दुकानांना हातानं काढलेली पाटीच लागते, असं तो सांगतो. तिथून आला की तो खूश असतो. "काळ्या रंगाला येवढा मान दुसरीकडं कुठं न्हाई बग कंडक्टर. आन घरांना दारं न्हाईत म्हंजे भिंत आख्खी मोकळी." आपण देवाधर्माला मानत नाही, तरी काळ्या रंगाच्या वशिल्यानं आपलं तिथं बरं चालतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा स्वतःचा रंगही तव्याशी स्पर्धा करणारा. शाळेत असताना कुणी "काळ्या" म्हणालं, की दगड घेऊन मागं धावायचा. नाव काळूराम ठेवणाऱ्या आत्याशी तो लग्नापर्यंत बोलत नव्हता.

हे सगळं बदललं ते सुमनबाईंच्या मोबाईलमुळं. सुमनबाई आमच्या वस्तीच्या अंगणवाडीच्या सेविका, रांगोळीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी एकदा काळूला एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतली कुठलीशी वस्ती. तिथल्या काळ्या चित्रकारांनी एकत्र येऊन आपल्याच मोहल्ल्याच्या उंच भिंतीवर आपल्याच माणसांची चित्रं काढलेली. कुणी वाजंत्री, कुणी न्हावी, कुणी पोराला कडेवर घेतलेली बाई. आपल्याला दुसरं कुणी काढत नाही, म्हणून आपणच आपल्याला काढलं, असं त्यातली एक बाई सांगत होती. सुमनबाईंनी अर्थ सांगितला, आणि ते लोक स्वतःला अभिमानानं 'ब्लॅक' म्हणवतात, हेही सांगितलं.

काळूनं तो व्हिडिओ बोटानं मोठा कर, लहान कर, असं करत दुपार घालवली. मग म्हणाला, "हे तर आपलंच काम हाय की! आन ह्यांनी आपल्याला कळवलं न्हाई."

"ते कशाला कळवतील?" मी म्हणालो.

"आरं, पाव्हणे हायेत आपले."

तेव्हापासून ते 'तिकडचे पाव्हणे' झाले. पाव्हण्यांना तिकडं डिस्टेंपर कुठलं मिळतं, पाव्हणे पावसाचं काय करतात, पाव्हण्यांच्या बायका कामावर ओरडतात का, असे प्रश्न तो मला विचारू लागला, कारण मी रोज नगरला जातो. आणि महिन्याच्या आत समाजमंदिराच्या दाराशी त्याच्याच सुंदर अक्षरातली पाटी लागली: ब्लॅक कलाकार मंडळ.

सभासद म्हणजे तो, सुमनबाई, ट्रकच्या मागं गुलाब आणि 'हॉर्न ओके' काढणारा त्याचा चुलतभाऊ आणि बळजबरीनं मी. मी त्याला सांगत होतो, बाबा, नाव मराठीत ठेव. ऐकेल तर काळू कसला. पहिल्याच आठवड्यात दोन पोरं तमाशाची तिकिटं ब्लॅकनं मिळतील का, विचारून गेली. आणि मग एका संध्याकाळी ओढ्यापलीकडून बबनराव आले.

बबनराव गावातले बागायतदार. आमच्या वस्तीत त्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात पिशवी, नजर इकडंतिकडं. काळूला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुमी लोक ब्लॅक करता म्हनं."

"करतो की," काळू छाती काढून म्हणाला.

"माजी गाय आटलीया. कुनीतरी करनी केलीया. उतरवून द्या." पिशवीतून लिंबं निघाली, नारळ निघाला, काळा दोरा निघाला.

मला वाटलं, आता काळू भडकणार. करणी, उतारा असले शब्द आमच्या वस्तीत कुणी काढत नाही. पण काळूनं लिंबं हातात घेतली, वास घेतला आणि बायकोला हाक मारली, "सरबत कर गं, पाव्हने आल्यात." मंडळाच्या पहिल्या बैठकीत आम्ही बबनरावांच्या करणीचं सरबत प्यायलो. त्यांनीही प्यायलं. आमच्या घरचं त्यांनी घेतलेलं ते पहिलंच काही असावं. मग काळू म्हणाला, "गाईला जनावरांच्या डाक्टरला दाखवा. आन मला तुमचा गोठा दाखवा."

दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात गेला. जुना दगडमातीचा गोठा. काळूनं भिंतीवर हात फिरवला, थोपटलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाला, "बबनराव, गाईला काय झालं न्हाई. भिंत मुकी हाय तुमची." आणि भिंतीवर अख्खी गाय काढून आला, भरलेल्या कासेची. डॉक्टरच्या औषधानं खरी गाय बरी झाली. बबनराव मात्र गावभर सांगत सुटले की गाय चित्राला लाजली.

मग मंडळानं मोठं काम हाती घेतलं. समाजमंदिराची रस्त्याकडची लांबलचक भिंत, गावाकडं तोंड करून उभी असलेली. तिच्यावर आमची माणसं काढायची, बुद्धपौर्णिमेच्या आत. काळूनं नियम केले. एक, कुणीही एकट्यानं चित्र पुरं करायचं नाही. दोन, ज्याचं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं एक तरी फटकारा मारायचा. तीन, "नजर खाली न्हाई. डोक्यावर मोळी असू द्या न्हाईतर पाटी, समोरच बगायचं. बगनाऱ्यानं वाटलं तर नजर खाली करावी."

बँडवाले आले, सुईण आली, ऊसतोडीचा कोयता खांद्यावर घेतलेली जोडी आली. तिकिटाच्या मशीनसकट मीही आलो. माझं नाक जरा बसकं झालं होतं, म्हणून नियमाप्रमाणं मी स्वतः एक फटकारा मारला. आता नाक बसकंही आहे आणि वाकडंही. सुमनबाई म्हणतात, आता ओळख पटते.

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. आमच्या थांब्याचं नाव पूर्वी प्रवासी घ्यायचे ते आवाज बारीक करून, "ओढ्यापाशी" नाहीतर "त्या वस्तीला." वीस-बावीस वर्षं मी ते ऐकून तिकिटं फाडली. भिंत अर्धी झाली तेव्हा एक आजीबाई सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला त्या चित्रांच्या भिंतीपाशी उतरीव रे बाबा." मी घंटी जरा जास्तच जोरात ओढली.

भिंतीच्या मधोमध काळूनं एक बाई काढली होती. कासोटा घातलेली, भिंत सारवणारी आणि पाठमोरी. सगळी वस्ती समोर बघतेय आणि ही एकटी पाठ करून. "नियम कुठं गेला?" मी पहिल्या दिवशी चिडवलं. "तिला काम हाय," तो म्हणाला. दुसऱ्यांदा चिडवणार होतो, तेवढ्यात सुमनबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. ती काळूची आई होती. ठकूबाई. लोकांच्या भिंती सारवायला जायची. काळू लहान असतानाच गेली. फोटो नाही, चेहरा त्याला आठवत नाही. मंडळ, पाव्हणे, भिंत, हा सगळा खटाटोप तिला एकदा समोरून काढता यावं म्हणून होता. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना त्यानं विचारून पाहिलं. एकीनं नाक सरळ सांगितलं, दुसरीनं चपटं. दोनदा तोंड काढलं आणि दोनदा चुन्यानं पुसलं. दुसऱ्यांदा पुसताना म्हणाला, "ही कुनाची बी आई आसंल, माजी न्हाई." त्या दिवशी तो गाडीत एका भिंतीला काही बोलला नाही. मला त्याचा फार राग यायचा त्या भिंती वाचण्याचा. पण त्या दिवशी गाडी अगदी ओस वाटली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी बबनराव त्यांच्या आईला घेऊन आले. पारूआक्का. पाठीत वाकलेली, मुलाच्या दंडाला धरून ओढा ओलांडून आली होती. भिंतीपुढं खुर्ची ठेवली. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पाठमोऱ्या बाईपाशी थांबली.

"ही ठकू," ती म्हणाली.

काळूनं हातातला डबा खाली ठेवला. "वळखली, आक्का? मग तोंड सांगा तिचं. नाक कसं हुतं? डोळं?"

"तोंड मला ठाव न्हाई, लेकरा. माझ्या लग्नापासनं आमच्या गोठ्याची भिंत तीच सारवायची. पर ती यायची खाली मान घालून आन काम करायची भिंतीकडं तोंड करून. मी दारातनं बगायची. मला ती अशीच ठाव हाय. पाठीकडनं."

बबनराव जमिनीकडं बघत होते.

"पर तिचा हात ठाव हाय," पारूआक्का म्हणाली. "सारवन झालं, की खाली कोपऱ्यात वल्या मातीत बोटानं एक चिमनी काढायची. सासूबाई माज्या वरडायच्या, ह्ये काय आनि? तर म्हनायची, 'राहू द्या थोरल्या वैनी. भिंत मुकी बरी दिसत न्हाई.'"

काळूनं वर बघितलं.

"मागं तू गोठ्यात म्हनालास ना, भिंत मुकी हाय तुमची, ते मी आतून ऐकलं. म्हनलं, ही तर ठकू बोलतीया. म्हनून आले." तिनं हातानं ओढ्यापलीकडं, गोठ्याच्या दिशेला दाखवलं. "तू गाय काढलीस ना, तिच्या खुराखालीच असायची चिमनी."

साठीला आलेला माणूस. जन्मभर 'मुकी' हा शब्द आपलाच आहे असं समजून त्यानं सगळ्या पारनेर तालुक्याला ऐकवला होता. तो खाली बसला आणि खुर्चीशेजारी मातीत बसूनच रडला. पारूआक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मीही रडलो, ते नाकाच्या कारणानं असं मी सगळ्यांना सांगितलं.

तोंड त्यानं काढलं नाही. ठकूबाई आजही पाठमोरीच आहे. काळूनं ब्रश बाजूला ठेवला, काळ्या रंगात बोट बुडवलं आणि ती सारवतेय त्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, तिच्या हाताजवळ, एक चिमणी काढली. नियमाप्रमाणं दुसऱ्या कुणाचा तरी हात लागायला हवा होता. पारूआक्का म्हणाली, "मला धरा रे." तिनं बोटानं चिमणीला डोळा दिला. जरा मोठाच झाला. तो समोर बघतो.

परवा काळू माझ्या गाडीत होता. खिडकी, आणि सुरू. "मुकी. मुकी. बडबडी. मुकी." पुढच्या बाकावरची पोरं हसत होती. आमची भिंत आली आणि तो एकदम गप्प झाला. मी घंटी ओढली, ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

"काय रे, हिचं काय ते सांग की," मी म्हणालो.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "थांब जरा कंडक्टर," तो म्हणाला, "ऐकतोय."