वासुअण्णांची डिस्कोची कॅसेट

रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या गल्लीत कुणी कुकर लावत नाही. त्यामागे देवाधर्माचं काही कारण नाही. त्या वेळी वासुअण्णा डिस्को ऐकतात.

वासुअण्णा म्हणजे समोरच्या घरातले वासुदेवराव. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि लग्नाच्या भानगडीत कधीच न पडलेले. तंजावरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत मराठी बोलणारी आता चारच घरं उरलीत. त्यातलं एक त्यांचं, एक माझं. रविवारी अण्णा कपाळाला गंध लावतात, जरीकाठी वेष्टी नेसतात आणि टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसतात. मग ढिंच्याक सुरू होतं. अण्णा डोळे मिटून मांडीवर कर्नाटकी आदितालाची टाळी देतात. चेहरा इतका गंभीर, की बघणाऱ्याला वाटावं, घरात श्राद्ध चाललंय.

"अण्णा, या गाण्यावर लोक नाचतात," मी एकदा म्हणाले.

"नाचणारे ऐकत नाहींत ग, सुमा."

लहानपणी ते स्वतःही नाचायचे. आत्याच्या लग्नात याच गाण्यावर नाचताना त्यांचा पाय सांबाराच्या पातेल्यात गेला होता. सांबार गार होतं, हे ते न चुकता सांगतात.

गाणं त्यांनी चौदाव्या वर्षी रेडिओवरून उतरवलेलं. तेव्हा वायर जोडायची अक्कल कुणाला होती? रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. मीही असले उद्योग केलेत, आणि मध्येच शिंकला म्हणून धाकट्या भावाला बदडलंही आहे.

गेल्या महिन्यात अण्णांचा टेपरेकॉर्डर कॅसेट खायला लागला. माझा स्वभाव लुडबुड्या. जुन्या बसस्टँडजवळ एक दुकानदार कॅसेटवरची गाणी पेनड्राइव्हवर घालून देतो असं कळलं, आणि मी अण्णांच्या मागेच लागले. त्यांनी कॅसेट दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केली.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. सकाळी दारात रांगोळीचं कोलम घालायला वाकले की समोरून आवाज, "फोन आला कां?" भाजी घेऊन परतले की, "काय म्हणाला तो?" रविवार आला तो मुका गेला. साऱ्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पण जेवताना कुणालाच बरं वाटलं नाही.

सोमवारी पेनड्राइव्ह मिळाला; कॅसेट परत मागायचं मी विसरलेच. दुकानदार फुशारकीने तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, मध्येच कुठलं तरी तेलुगू स्टेशन घुसलं होतं. एक बाई ओरडत होती. सगळं साफ करून टाकलंय." मी त्याला शाबासकी दिली. जन्मभर घरात मराठी बोलणारी मी, पण माझ्या डोक्यात काही म्हणून आलं नाही.

अण्णांच्या घरी लॅपटॉपवर गाणं लावलं. आवाज लख्ख. अण्णांची टाळी सुरू झाली. दुसऱ्या कडव्यात मात्र हात थांबला. ते पुढे वाकले, कान लावला, वाट पाहिली. गाणं संपलं.

"सुमा, आई कोठें गेली?"

मी घाबरले. म्हटलं, अण्णांना काही झालं की काय!

"रेकॉर्ड चाललं होतं, आणि ती आंतून ओरडली, जेवाला ये म्हणून. मी उलट बोललों. फार वाईट बोललों. तें ऐकवत नाहीं, म्हणून तिची हांक आली कीं मी बंद करतों. पुढचं आजवर ऐकलं नाहीं. पण हांक तेवढी ऐकतों. तिचा दुसरा आवाज माझ्यापाशीं कोठें आहे?"

तेलुगू स्टेशन! त्या तमिळ माणसाला आपली मराठी तेलुगू वाटली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षात अण्णा पुढचा दांडा घट्ट धरून बसले होते. दुकानात पोचलो तर दुकानदार म्हणाला, "टेप तुटली, मॅडम. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली." अण्णांनी काउंटरला धरलं.

"साफ करण्याआधीचं काही असेल ना?" मी जवळजवळ किंचाळले.

तो कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागला. एक फोल्डर उघडला. मग दुसरा. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस मागून घाई करत होता. मी त्याच्यावर खेकसले. शेवटी गाणं सुरू झालं आणि नेमकी बाहेर बस भोंगा वाजवत उभी राहिली. त्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दुसरं कडवं आलं. भांड्यांचा आवाज, आणि लांबून एक बाई, "वासू, जेवाला ये रे! सार निवतंय!"

अण्णांचा हात बंद करायला झटकन पुढे गेला. पण मशीन काउंटरच्या पलीकडे होतं.

"गप्प बैस! सगळं नासवलंस! तूं बोलूंच नको माझ्याशीं!" एका पोराचा चिरका आवाज.

अण्णांनी डोळे गच्च मिटले. थांबवू का, असं दुकानदाराने मला खुणेनं विचारलं. का कोण जाणे, मी नको म्हणून मान हलवली. गाणं चालू राहिलं. मग अगदी जवळून, दारात येऊन उभं राहावं तसा तोच बाईचा आवाज, हलक्याने,

"बरं. होऊं दे तुझं गाणं. मी बसतें तोंवर."

अण्णांनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं, त्यावर ते बसले.

"सुमा," ते म्हणाले, "ती माझ्यासाठीं जेवायची थांबली होती ग."