रव्यातलं जैसलमेर

शिऱ्यासाठी रवा भाजण्याआधी जोगळेकर काकू तो परातीत पसरतात आणि त्यात जैसलमेर काढतात. मधोमध उंचवटा, तो किल्ला. पायथ्याशी बोटाने खळगा, तो गडीसर तलाव. पश्चिमेला लवंगांची रांग, म्हणजे सिंधकडे निघालेले उंट. समोरच्याला सगळं समजलं याची खात्री झाली, की गाव कढईत. "घ्या, खा आता," म्हणून वाटी हातात देतात.

डब्लिनमध्ये सँट्रीला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये गौरी राहते. काकू तिची आई. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सांगलीहून थोडे दिवस म्हणून आल्या आणि विमानंच बंद झाली. काका भूजल खात्यात होते, त्यामुळे काकूंच्या संसाराची कितीतरी वर्षं जैसलमेरला गेली. काका जाऊनही आता बराच काळ झाला, पण काकूंच्या बोलण्यात ते गाव रोज सकाळी उठून अंगण झाडत असे.

"भूगोल कळला की इतिहास फुकट मिळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाळवंटात एवढ्या हवेल्या का? तर व्यापाऱ्यांचे तांडे तिथून जायचे, जकात भरायचे. मग वैभव गेलं कुठे? "अरे, तुमचं मुंबई बंदर मोठं झालं! माल बोटीने जायला लागला. उंट बिचारा काय करणार?" मी दादरचा. मला उगाच अपराधी वाटायचं.

गौरीच्या सात वर्षांच्या इराची शाळा तेव्हा लॅपटॉपवर भरायची. एकदा बाईंनी पावसाला नावं ठेवली आणि काकू थेट कॅमेऱ्यात घुसल्या. "इरा, सांग त्यांना, आमच्या जैसलमेरला शेताला बांध घालून एक पाऊस अडवला, तरी त्या ओलीवर गहू पिकतो."

इराने पक्क्या आयरिश उच्चारात भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "दॅट्स ग्रँड!"

"ग्रँड काय?" काकू भडकल्या. "बांध कुठे घालताय, ते विचार!"

त्या हिवाळ्यात मला कोव्हिड झाला. एकट्याने खोलीत पडून मी गावी परतायचं जवळजवळ ठरवलं होतं. काकू दाराबाहेर पेज ठेवायच्या आणि समोरच्या घरातून फोन करायच्या. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणालो, "काकू, मला हे शहर कधीच आपलं वाटणार नाही."

"मीही रडले होते रे. एकोणीस वर्षांची होते. पिठात वाळू, पांघरुणात वाळू. यांना म्हटलं, मला सांगलीला पोचवा. हे म्हणाले, पोचवतो, पण आधी गाव तर बघ. मग रोज संध्याकाळी एकेक गल्ली दाखवायचे. ही का वाकडी, ती विहीर कोणी खणली. गाव संपेपर्यंत माझं रडणं संपलं होतं."

मी बरा झालो. राहिलो.

एकवीसच्या उन्हाळ्यात काकूंना एकदाचं तिकीट मिळालं. निघायच्या आधी एका दुपारी त्या मला पार्कात दिसल्या. अंगात गौरीचा रेनकोट. ओढ्याकाठच्या बाकावर एक म्हातारे आयरिश गृहस्थ बसले होते, आणि काकू हातवारे करून त्यांना काहीतरी विचारत होत्या. त्यांचं उत्तर काकूंना समजत नव्हतं आणि काकूंचा प्रश्न त्यांना.

"काकू, आता निघताना कसली चौकशी?"

त्या ओढ्याकडे बघत राहिल्या. "दीड वर्ष त्या पोरीला माझंच गाव सांगत बसले. पण ती इथलीच होणार ना? तिला तिचं गाव कोण सांगणार? गौरीला कामातून सवड नाही. आणि मी..."

पाऊस सुरू झाला. मी म्हटलं, चला घरी. त्यांनी टोपी डोक्यावर ओढली आणि माझं मनगट धरून मला त्या म्हाताऱ्यांसमोर उभं केलं.

"तू नीट इंग्रजीत विचार त्यांना," त्या म्हणाल्या. "हे पाणी येतं कुठून?"