रो पाहिजे, ताबडतोब!

"यंदा सगळं गवत मी एकटा गुंडाळतो, तू जा खुशाल!" अशी बढाई मारून मी बायकोला, स्टेनुनला, तिच्या बहिणीकडे आकुरेरीला धाडलं. गवत छान वाळलं होतं. पश्चिमेला ढग जमत होते. मेंढ्यांचा अख्खा हिवाळा त्या गवतावर होता, आणि नेमका तेव्हाच गठ्ठे बांधायच्या यंत्राचा एक नट ताडकन उडाला तो गायबच!

आता आमच्या आइसलंडी भाषेत नटाला म्हणतात 'रो'. आणि मनाच्या शांतीलाही 'रो'च! हा शब्द ठरवणाऱ्याच्या घरी ट्रॅक्टर नसणार. मी घाईघाईत गावाच्या फेसबुकवर लिहिलं : "रो पाहिजे, ताबडतोब! कुणाकडे आहे का?"

पहिल्यांदा धावत आल्या आमच्या चर्चच्या पाद्रीबाई, थोरदिस. हातात केक!

"ओद्दूर, बस बाबा. कधी गेला तुझा रो?"

"सकाळीच! आधी नुसती खडखड व्हायची, मी दुर्लक्ष केलं."

"सगळे तेच करतात रे!" त्यांनी डोळे पुसले.

मागोमाग शेजारचा केतिल आला. त्यानं ट्रॅक्टरची किल्ली काढून सरळ खिशात घातली.

"या अवस्थेत यंत्राला हात लावायचा नाही!"

"अरे, मला फक्त रो दे!"

"मिळेल, मिळेल. आधी खोल श्वास घे."

माझ्या पायाला भिंगरी! एक डोळा ढगांवर, एक केतिलच्या खिशावर. तेवढ्यात चर्चच्या गायिका अंगणात उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात भजन सुरू झालं. मयताला म्हणतात तसलं!

इतक्यात करकचून ब्रेक दाबत स्टेनुनची गाडी आली.

"फोनवर फोन येताहेत मला! माझ्यामुळे घरात शांती नाही, असं गावभर सांगत सुटलास?"

"अगं, बोल्टावरचा रो! बोल्टावरचा!" मी किंचाळलो.

भजन थांबलं.

"मग तसं बोल ना, गाढवा!" केतिल म्हणाला. "केवढा हवाय?"

त्याच्या गाडीत डबाभर होते. नट बसला, यंत्र धडधडलं. पाद्रीबाईंसकट सगळे गवत ओढायला लागले. शेवटचा गठ्ठा गुंडाळला आणि पाऊस कोसळला.

मी भिजत म्हणालो, "हुश्श! स्टेनुन, आता कुठे जिवाला रो मिळाला!"

ती गाडीत बसली.

"आता कुठे निघालीस?"

"बहिणीकडे. मला अजून मिळायचाय!"